न घेतलेली चाचणी : सायबर-फिजिकल प्रणालींच्या परीक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

यंत्र बांधून झाल्यावर ते चालवून पाहणे ही परीक्षणाची सर्वांत जुनी रीत होय. पूल पुरा झाला की त्यावरून भार लादलेल्या गाड्या नेल्या जात; बॉयलर तयार झाला की त्यात नेहमीपेक्षा अधिक दाब देऊन पाहिला जाई. या रीतीचे सामर्थ्य तिच्या सरळपणात आहे आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. जे यंत्र एकदाच चालावयाचे असते, किंवा ज्याचे अपयश म्हणजे मनुष्यहानी असते, त्याची परीक्षा त्या यंत्रावर घेणे परवडत नाही. ती त्याच्या प्रतिरूपावर घ्यावी लागते. यंत्राचे व त्याच्या भोवतालाचे गणिती प्रतिमान रचून ते संगणकावर चालविणे, याला सिम्युलेशन अथवा प्रतिरूपण असे म्हटले जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रीतीची निकड वाढली, कारण यंत्राचे स्वरूपच पालटले. विमानाचे पंख, मोटारीचे ब्रेक, विद्युत्-जालातील स्विच, हृदयाची गती राखणारे उपकरण, या सर्वांचे नियंत्रण संगणकाकडे गेले. एका बाजूला तुटक पायऱ्यांनी चालणारी आज्ञावली आणि दुसऱ्या बाजूला अखंड बदलणारे भौतिक जग, अशी ही जोडणी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातील हेलेन गिल यांनी २००६ च्या सुमारास तिला 'सायबर-फिजिकल प्रणाली' हे नाव दिले. अशा प्रणालींतील दोषाचे एक वैशिष्ट्य असे की, तो पुष्कळदा आज्ञावलीतही नसतो व यंत्रातही नसतो. तो त्या दोहोंच्या संगमावर असतो. प्रत्येक भाग वेगळा तपासला असता निर्दोष ठरतो, आणि एकत्र येताच घात होतो.

अशा दोषाचा शोध कसा घ्यावयाचा, किती चाचण्या पुरेशा मानावयाच्या, आणि त्या घेण्याची साधने कोणाच्या हाती असावयाची, हे तीन प्रश्न या शाखेच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झाले आहेत. त्यांची उकल करण्यास १९९६ सालची एक घटना विशेष उपयोगी पडते. कारण तीत जी चाचणी घेतली गेली नाही, तिचे उत्तर काय आले असते हे निश्चितपणे ठाऊक आहे.

२

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथील कुरूच्या तळावरून एरियान-५ हा युरोपचा नवा अग्निबाण प्रथमच उडाला. त्यावर क्लस्टर या नावाचे ४ वैज्ञानिक उपग्रह होते. पहिले सुमारे ३६ सेकंद सर्व काही यथास्थित होते. त्यानंतर बाजूच्या बूस्टरांची व मुख्य इंजिनाची नोझल्स एकाएकी टोकापर्यंत वळली. अग्निबाण आपल्या मार्गावरून झपाट्याने कलला. हवेच्या प्रवाहाशी त्याचा कोन २० अंशांहून अधिक होताच त्याचे भाग तुटू लागले, आणि स्वविनाशाची योजना कार्यान्वित होऊन सुमारे ३,७०० मीटर उंचीवर सर्व संपले.

फ्रेंच गणितज्ञ जाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी आपला अहवाल दिला. त्यातून उलगडलेली कारणपरंपरा अशी. अग्निबाणाची दिशा व वेग सांगणाऱ्या जडत्व-संदर्भ यंत्रणेचे दोन संच होते, एक कामावरचा व एक राखीव. दोन्हींची घडण व आज्ञावली एकच होती. आडव्या वेगाशी निगडित अशी एक राशी ६४ बिटांच्या अपूर्णांकी रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. त्या दिवशी ती राशी ही मर्यादा ओलांडून गेली. राखीव संच प्रथम बंद पडला व क्षणार्धात त्याच कारणाने कामावरचा संचही. बंद पडताना त्याने दोषनिदानाची जी माहिती पाठविली, तिलाच मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून नोझल्स वळविली. न झालेल्या विचलनाची ती दुरुस्ती होती.

ज्या गणनेने घात केला, तिचे उड्डाणानंतर काहीच प्रयोजन नव्हते. जमिनीवर असताना यंत्रणेचे संरेखन करणे एवढेच तिचे काम. पूर्वीच्या एरियान-४ मध्ये ती उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवली होती. कारण उलट मोजणी अगदी शेवटी थांबवावी लागली तर यंत्रणा पुन्हा जुळविण्यात वेळ जाऊ नये. १९८९ मधील एका उड्डाणात या सोयीचा उपयोगही झाला होता. एरियान-५ ला तिची गरज नव्हती. तथापि जे नीट चालले आहे त्यात हात घालू नये, या विचाराने ती तशीच राहिली.

यात निष्काळजीपणा होता असेही सरसकट म्हणता येत नाही. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत राखावयाचा असल्यामुळे, धोका संभवणाऱ्या ७ राशींपैकी ४ राशींना संरक्षण देण्यात आले व ३ तशाच ठेवण्यात आल्या. त्यांची मूल्ये भौतिक कारणांनी मर्यादितच राहतील, किंवा त्यांना भरपूर वाव आहे, असा हिशेब होता. एरियान-४ पुरता तो हिशेब बरोबर होता. परंतु एरियान-५ चा आडवा वेग पाचपट शीघ्रतेने वाढत असे, आणि नव्या उड्डाणमार्गाची माहिती जडत्व-संदर्भ यंत्रणेच्या आवश्यकतांच्या लेखात समाविष्टच केलेली नव्हती.

३

येथवरची हकिगत बहुतेक पाठ्यपुस्तकांतून येते, आणि तिचे तात्पर्य संख्यारूपांतरातील चूक एवढेच काढले जाते. परीक्षणाच्या दृष्टीने अहवालातील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

एरियान-५ च्या उड्डाण-नियंत्रणाची बंद-वर्तुळ चाचणी घेण्यासाठी खास सुविधा उभारलेली होती. तेथे मुख्य संगणक खरा होता, आणि अग्निबाणाची गती, हवा व इंजिने यांचे प्रतिरूपण केले जात असे. एरियान-५ चा मार्गही तेथे होता. फक्त जडत्व-संदर्भ यंत्रणा मात्र खरी नव्हती. तिच्या जागी तिचे उत्तर परस्पर पुरविणारे प्रतिमान बसविलेले होते. जो भाग तुटणार होता, तोच नेमका परीक्षेला बसला नव्हता.

याची कारणेही अहवालात नमूद आहेत. ती यंत्रणा स्वतंत्रपणे तपासून पूर्णतः पात्र ठरलेली मानली जात होती. तिला खऱ्यासारखे कृत्रिम संकेत देण्याइतकी अचूकता चाचणीच्या साधनांत नव्हती. बिघाडांचे प्रकार खऱ्या उपकरणावर घडवून आणता येत नाहीत, त्यासाठी प्रतिमानच हवे. शिवाय यंत्रणेचे मूळ आवर्तन १ मिलिसेकंदाचे, तर प्रतिरूपणाचे ६ मिलिसेकंदांचे. दोहोंचा मेळ घालणे किचकट होते. यांतील एकही कारण खोटे नाही. परंतु संचाच्या अचूकतेची परीक्षा वेगळी आणि तो संपूर्ण प्रणालीत टिकतो की नाही ही परीक्षा वेगळी, हा भेद त्या निर्णयात पुसला गेला.

मंडळाचा निष्कर्ष असा की, जवळजवळ संपूर्ण यंत्रणा प्रतिरूपणात समाविष्ट करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. आणि हा केवळ तर्क नव्हता. अपघातानंतर त्याच आज्ञावलीला प्रत्यक्ष उड्डाणमार्गाची माहिती पुरवून संगणकावर चालविण्यात आले, तेव्हा घटनांची तीच साखळी जशीच्या तशी घडून आली. जे शवविच्छेदनात दिसले, ते आरोग्यतपासणीत दिसू शकले असते.

४

प्रतिरूपणाची विद्या तोवर बाल्यावस्थेत होती असे मात्र नव्हे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे पियानो व ऑर्गन बांधणाऱ्या घराण्यातील एडविन लिंक याने ऑर्गनच्या भात्यांचाच उपयोग करून १९२९ मध्ये वैमानिकांसाठी जमिनीवरचे शिक्षणयंत्र तयार केले. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाने अशी ६ यंत्रे विकत घेतली. त्याच सुमारास, १९३१ मध्ये, मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत व्हॅनेव्हर बुश यांचा यांत्रिक अवकल-विश्लेषक पूर्ण झाला. फिरत्या चकत्या व दंड यांच्या योगे तो अवकल समीकरणे सोडवीत असे. माणसाच्या हातांना खऱ्यासारखा अनुभव देणे आणि निसर्गाच्या समीकरणांना यंत्रात चालविणे, हे दोन प्रवाह त्याच संस्थेत १९४४ मध्ये एकत्र आले. विमानांचे गुणधर्म जमिनीवर अजमावता यावेत यासाठी अमेरिकन नौदलाने जे काम सोपविले, त्यातून जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखाली व्हर्लविंड हा अंकीय संगणक जन्मास आला व १९५१ मध्ये कार्यान्वित झाला. प्रत्यक्ष काळाच्या गतीने चालणाऱ्या संगणकाचा इतिहास अशा रीतीने प्रतिरूपणाच्या गरजेतूनच सुरू होतो.

या विद्येचे फळ १९६९ मध्ये दिसले. अपोलो-११ च्या उड्डाणापूर्वी काही दिवस झालेल्या तालमीत चांद्रयानाच्या संगणकाने १२०१ या क्रमांकाचा इशारा दिला, आणि तो न समजल्यामुळे नियंत्रकांनी उतरणे रद्द केले. तो निर्णय चुकीचा होता असे नंतर ठरले. तेव्हा अशा सर्व इशाऱ्यांची यादी व प्रत्येकाचा अर्थ लिहून ठेवण्यात आला. २० जुलै १९६९ रोजी चंद्रापासून काही किलोमीटरांवर १२०२ हा इशारा खरोखरीच झळकला, तेव्हा पुढे जाण्याची आज्ञा देणे शक्य झाले ते त्या यादीमुळे. तालमीत विचारला गेलेला प्रश्न प्रत्यक्षात उपयोगी पडला.

इशाऱ्याचे मूळ मात्र यादीत नव्हते. भेट-रडारच्या दोन भागांना मिळणाऱ्या विद्युत्-पुरवठ्यांच्या कलांत मेळ नसल्यामुळे स्थिर असलेला अँटेना हलत असल्याचा भास संगणकाला होत होता, आणि त्या निरर्थक मोजणीत त्याचा दहा टक्क्यांहून अधिक वेळ खर्ची पडत होता. हे घडणार की नाही, हे उपकरणे कोणत्या क्षणी चालू झाली या योगायोगावर अवलंबून होते. आरंभीच्या स्थितीत असा एखादाच घातक योग दडलेला असेल, तर तो किती तालमींनंतर सापडेल? संख्येचा प्रश्न येथे उभा राहतो.

५

संख्येच्या बळावर विसंबणे किती निष्फळ ठरते, याचा हिशेब रँड या अमेरिकन संस्थेतील निधी कालरा व सुसान पॅडक यांनी २०१६ मध्ये स्वयंचलित मोटारींविषयी मांडला. मनुष्यचालित वाहनांइतकीच ती वाहने सुरक्षित आहेत एवढे ९५ टक्के विश्वासाने दाखवावयाचे, तर त्यांना एकही प्राणघातक अपघात न होता २७.५ कोटी मैल धावावे लागेल. १०० मोटारी ताशी २५ मैलांच्या सरासरीने अहोरात्र धावल्या तरी त्यास सुमारे साडेबारा वर्षे लागतील. आणि आज्ञावलीत एखादा बदल झाला की तो जुना पुरावा पुन्हा तपासून घ्यावा लागेल. संगणकावर काळ वेगाने चालविता येतो हे खरे, परंतु यदृच्छया निवडलेल्या लाखो आवर्तनांतील बहुतेक आवर्तने एकमेकांसारखीच असतात व नवे काही सांगत नाहीत.

यावरचा उपाय तर्कशास्त्राच्या बाजूने आला. अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये कालिक तर्कशास्त्राचा उपयोग आज्ञावलींच्या अभ्यासात आणला. 'हे सदैव असेच राहील', 'हे कधी तरी घडेल' अशा विधानांना त्यामुळे नेमके रूप मिळाले. ओडेड मालेर व देयान निचकोविच यांनी २००४ मध्ये त्याचा विस्तार अखंड बदलणाऱ्या संकेतांपर्यंत केला. पुढच्या काही वर्षांत जॉर्जिऑस फायनेकोस व जॉर्ज पपास यांनी, आणि त्यानंतर अलेक्झांडर डोंझे व मालेर यांनी एक साधी पण दूरगामी कल्पना रुजविली. एखादे आवर्तन अटीत बसले की नाही, एवढेच न सांगता ते अटीपासून किती दूर राहिले हे संख्येने सांगावयाचे. विद्यापीठीय परिभाषेत बोलावयाचे तर, नुसत्या उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या निकालाऐवजी गुणपत्रिका द्यावयाची.

गुण मिळाले की शोधाला दिशा मिळते. समोरच्या वाहनापासून अंतर ५ मीटरांखाली जाऊ नये अशी अट आहे असे समजू. एका आवर्तनात किमान अंतर २० मीटर राहिले, दुसऱ्यात ११. दोन्ही उत्तीर्णच, परंतु दुसरे घाताच्या अधिक जवळ आहे. पुढचे आवर्तन त्याच्या आसपासच्या परिस्थितीत घ्यावे, असे इष्टतमीकरणाची रीत सुचविते, आणि अशा उताराने जात जात ५ मीटरांखालचे उदाहरण सापडण्याचा संभव बळावतो. परीक्षक येथे यंत्राची बाजू घेत नाही. तो त्याचा दावा खोडून काढू पाहतो. ब्रीच (२०१०) व एस-टालिरो (२०११) ही साधने याच तत्त्वावर उभी आहेत.

याच रीतीने एरियानकडे पाहिले, तर ३२,७६७ ही मर्यादा आणि त्या राशीचे प्रत्यक्ष मूल्य यांतील अंतर हाच गुण ठरला असता. एरियान-४ च्या मार्गावर तो सुरक्षित राहिला असता, आणि नवा मार्ग देताच तो शून्याखाली गेला असता. त्यासाठी लाखो आवर्तनांची आवश्यकता नव्हती. एक पुरेसे होते. यावरून प्रतिरूपणाच्या कार्यक्षमतेचा अर्थ स्पष्ट होतो. योग्य भाग वर्तुळात असणे आणि योग्य अट लेखी असणे, यांवाचून वेगवान संगणक काही मिळवून देत नाही. ती दोन पथ्ये पाळल्यावर मग बाकीची काटकसर येते. प्रथम ढोबळ व शीघ्र प्रतिमानावर मोठा प्रदेश धुंडाळावा, तेथे संशयास्पद ठरलेली मोजकी उदाहरणे सूक्ष्म प्रतिमानावर चालवावीत, आणि त्यांतून उरतील तीच खऱ्या उपकरणासह तपासावीत.

एक मर्यादा येथे सांगणे अवश्य आहे. दोष सापडला नाही म्हणजे दोष नाही, असे या रीतीने सिद्ध होत नाही. तुटक व अखंड यांच्या मिश्रणातून होणाऱ्या प्रणालींपैकी बऱ्याच साध्या दिसणाऱ्या वर्गांबाबतही, ती घातक अवस्थेत पोहोचेल की नाही हे ठरविणारी सर्वसाधारण पद्धती असूच शकत नाही, असे टॉमस हेन्झिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. यास्तव 'किती शोधले, कोठे शोधले व कशाच्या साहाय्याने शोधले' हे उघड असणे, हाच परीक्षणाच्या विश्वासार्हतेचा आधार उरतो.

६

मुक्तस्रोत साधनांचा विचार या आधाराच्या संदर्भात करावयास हवा. त्यांची चर्चा बहुधा किमतीच्या अंगाने होते. वस्तुतः त्यांचे महत्त्व पडताळणीत आहे. बर्कली येथे १९७३ मध्ये लॉरेन्स नेगल व डोनाल्ड पेडरसन यांनी स्पाइस ही विद्युत्-मंडलांच्या प्रतिरूपणाची आज्ञावली सर्वांना खुली केली. तिच्या पोटात काय चालते हे वाचता येत असल्यामुळेच ती देशोदेशींच्या प्रयोगशाळांत सुधारली गेली. हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी स्वीडनमधील लुंड येथे १९७८ मध्ये प्रबंधात मांडलेल्या समीकरणप्रधान भाषेच्या कल्पनेतून पुढे १९९७ मध्ये मॉडेलिका ही खुली भाषा प्रसिद्ध झाली. तीत भौतिक नियम समीकरण म्हणून लिहावयाचा. कोणती राशी आधी काढावयाची हे यंत्र ठरविते. लिंशपिंग विद्यापीठात वाढलेल्या ओपनमॉडेलिका या मुक्तस्रोत साधनाने ती भाषा विद्यार्थ्याच्या हाती दिली. यंत्रमानवांसाठी गॅझेबो हे प्रतिरूपण-साधन २००२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात आरंभिले गेले. निरनिराळ्या साधनांत तयार झालेली प्रतिमाने परस्परांशी जोडता यावीत यासाठी एफएमआय या खुल्या मानकाची पहिली आवृत्ती २०१० मध्ये निघाली. आपापल्या कालगतीने चालणारी प्रतिमाने ठराविक क्षणी गाठून माहितीची देवाणघेवाण कशी करतील, याचे नियम त्यात आहेत. १ व ६ मिलिसेकंदांची जी अडचण एरियानच्या परीक्षकांना भेडसावली, त्याच जातीच्या अडचणीवर आता सर्वांना वाचता येणारी रीत उपलब्ध आहे.

महाराष्ट्रात या चळवळीचे एक केंद्र पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई हे आहे. तेथील फॉसी प्रकल्पाने सायलॅब व ओपनमॉडेलिका यांचा प्रसार केला, आणि मंडल-रचनेसाठी ईसिम हे साधन घडविले, ज्याच्या गाभ्याशी स्पाइसच्याच कुळातील एनजीस्पाइस आहे. पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहवून घेऊन ती सर्वांना खुली करण्याचा तेथील उपक्रम वरवर साधा वाटतो. परंतु छापील उत्तर स्वतः चालवून पडताळण्याची जी सवय त्यातून लागते, तीच परीक्षकाची पहिली दीक्षा होय.

खुलेपणाविषयी भाबडेपणा मात्र नको. ब्रीच व एस-टालिरो यांची आज्ञावली खुली असली, तरी ती दोन्ही मॅटलॅब या विकत घ्याव्या लागणाऱ्या साधनावर उभी राहिली. घराचे दार उघडे, पण अंगणाला कुंपण, अशी ती स्थिती होती. एस-टालिरोच्या परंपरेत पायथन भाषेतील साधन निघाले ते २०२१ मध्ये. शिवाय आज्ञावली वाचता येते म्हणून कोणी ती वाचलेली असतेच असे नाही, आणि प्रतिरूपण-साधनातही दोष असू शकतात. ज्या साधनाने दुसऱ्याची परीक्षा घ्यावयाची, त्याचीही परीक्षा व्हावयास हवी. खुल्या साधनांच्या बाबतीत ती निदान शक्य असते, एवढाच त्यांचा अधिकार आहे. पण तो थोडा नव्हे.

७

एरियान-५ ची पुढील कथा अपयशाची नाही. नष्ट झालेल्या क्लस्टर उपग्रहांच्या जागी नवे उपग्रह बांधण्यात आले व २००० मध्ये ते रशियन सोयूझ अग्निबाणांनी अवकाशात गेले. एरियान-५ ने २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब दुर्बीण मार्गस्थ केली, आणि ११७ उड्डाणांनंतर ५ जुलै २०२३ रोजी त्याने निरोप घेतला.

१९९६ च्या अपघाताचा एवढा बारीक अभ्यास आज करता येतो तो चौकशीचा अहवाल दीड-दोन महिन्यांत सर्वांसमोर ठेवला गेला म्हणून. कोणती चाचणी घेतली नाही व ती का घेतली नाही, हे त्यात नि:संकोच लिहिले होते. अपोलोच्या संगणकाची आज्ञावलीही आज खुली आहे, आणि व्हर्च्युअल एजीसी या मुक्तस्रोत प्रकल्पामुळे ती घरच्या संगणकावर चालविता येते. दोन्ही उदाहरणांत ज्ञान टिकले व वाढले ते उघडपणामुळे.

परीक्षणाची साधने यापुढेही सुधारत जातील. परंतु एखादा भाग 'आधीच पात्र ठरलेला' म्हणून वर्तुळाबाहेर ठेवण्याचा मोह कोणतेही साधन आपोआप आवरणार नाही. कुरूच्या उड्डाणापूर्वी तो निर्णय ज्यांनी घेतला ते अनुभवी व जाणते होते, आणि त्यांच्याजवळ कारणेही होती. त्या प्रतिमानाच्या जागी खरी यंत्रणा का नाही, असे विचारणारा, आणि विचारून न थांबता स्वतः चालवून पाहू शकणारा आणखी एखादा परीक्षक तेथे असता, तर उत्तर एका आवर्तनात मिळाले असते.